सर्व्हिसिंग केल्यापासून इंजिनातून टिकटिक येऊन राहिली, मेकॅनिक म्हणतो हेड खोला. काय करू?

मनीषनगर_१५०

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहितोय, कारण अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट येतात. गाडी १५० सीसी, सिंगल सिलिंडर, एअरकूल, कार्ब्युरेटरवाली, २०१६ ची, ४८ हजार किमी झालेत. गाडी बाबांची आहे, रिटायर झाल्यावर स्वतःच्या पैशाने घेतलेली, त्यामुळे तिला काही झालं की घरात सगळ्यांचं तोंड उतरतं. आता मीच चालवतो, मनीष नगर ते हिंगणा एमआयडीसी रोज.

मागच्या शनिवारी दुपारी सर्व्हिसिंगला टाकली. नेहमीचंच काम, ऑइल बदली, नवा प्लग, एअर फिल्टर साफ, कार्ब्युरेटर साफ, टॅपेट सेट (व्हॉल्व्ह म्हणजे झडपांजवळची बारीक फट जुळवणं), मागच्या चाकाची चेन टाइट. मी समोरच बसून होतो. दीड तासात गाडी हातात मिळाली, निघालो आणि कॉटन मार्केट चौकात सिग्नलला थांबलो तर खालून टिकटिकटिकटिक, घरी आईची शिलाई मशीन चालते ना अगदी तसा आवाज. याच्याआधी बिलकुल नव्हता, शुक्रवारी संध्याकाळी मी हीच गाडी घरी आणली होती आणि ती नेहमीसारखी शांत होती.

सकाळी पहिल्यांदा चालू केली की सगळ्यात जास्त येतो. रेस दिली की आवाजही तेवढाच भरभर. वर्धा रोडला डबल डेकर पुलाखालून जाताना तर वरून आपटून दुप्पट ऐकू येतो, आजूबाजूचे वळून बघतात. दहापंधरा मिनिटं गाडी चालली की बराच कमी होतो पण पूर्ण जात नाही. मागे कोणी बसलं आणि पूल चढायचा असला की परत वाढतो. धूर नाही, पिकअप ठीक वाटतो.

सोमवारी परत त्याच गॅरेजला नेली. त्याने कान लावून दोनच मिनिटं ऐकलं आणि म्हणाला इंजिनाच्या आतली टायमिंग चेन गेली, हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं डोकं, खोलावं लागेल, खोललंच आहे तर पिस्टनही बघून घेऊ, ८ हजार धरून चला. पैशाचं आहेच, पण माझ्या मनाला हे पटतच नाहीये की शुक्रवारी चांगली असलेली चेन शनिवारी दुपारी कशी गेली. बाबा म्हणतात ज्याने हात लावला त्याच्याच हातात परत देऊ नको. तुम्ही सांगा.


कामठीरोडवाला

भाऊ हेड बिलकुल खोलू देऊ नको आत्ताच. टायमिंग चेन अशी एका दुपारात नाही जात बाप्पा, ते महिनोन्महिने घासत जाते, पयले सकाळी स्टार्ट केल्यावर दोनचार सेकंद खर्रर्र करते, मंग हळूहळू ते खरखर जास्त वेळ राहाले लागते. तिचा आवाज टिकटिक नसतोच, साखळी पत्र्याच्या डब्यात हलवल्यासारखा असतो, अन् रेस सोडली की जास्त समजते.

मले तर हे टॅपेट वाटून राहिले. तू म्हणतो दीड तासात गाडी देली, अन् दुपारी. आता विचार कर, तू गाडी चालवत नेली म्हणजे इंजिन गरम. टॅपेट सेट कराचे असते थंड्या इंजिनवर, गरम असताना धातू फुगलेला असते, गॅपचं माप खोटं येते. काही मॅन्युअलमध्ये तर साफ लिहिलेलं असते की इंजिन ३५ अंशाच्या खाली असलं पाहिजे. आता मले सांग, मे महिन्यात आपल्या नागपुरात दुपारी दोन वाजता टिनाच्या शेडखाली हवाच ४४-४५ असते, तेथं इंजिन ३५ वर येईन कसं? दिवसभर उभी ठेवली तरी नाही येत. म्हणून मी माह्या गाडीचे टॅपेट उन्हाळ्यात सकाळी साडेपाच सहालेच बघतो, रातभर अंगणात उभी असलेली, किक बी नाही मारत त्याच्या आधी.

तोपर्यंत आवाज लयच त्रास देत असन तर जाड ऑइल टाकून पाय, २०डब्ल्यू५०, आवाज दबते.


जुना_फिटर

मी २६ वर्षं दुचाकीच्या इंजिनावर काम केलं आहे, आता हातात जोर राहिला नाही म्हणून दुकान मुलाकडे आहे. कामठीरोडवाला भाऊंचं गरम इंजिनाबद्दलचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण आवाज दाबायला जाड ऑइल टाका हे मात्र मला अजिबात मान्य नाही. आवाज ही आपल्याला मिळालेली एकमेव खूण आहे, ती पुसून टाकली तर शोधायचं कशावरून? कंपनीने पुस्तकात जो ग्रेड दिला आहे तोच ठेवा. बाहेर ४५ अंश असले म्हणून आतलं ऑइल काही ४५ ला चालत नसतं, ते शंभरच्या आसपास जातं, आणि डब्ल्यूच्या पुढचा आकडा त्या शंभर अंशाच्याच जाडीसाठी असतो.

आता तुमच्या आवाजाबद्दल. तुम्ही फार चांगलं वर्णन केलं आहे आणि त्यातल्या दोन गोष्टींमुळे मला टॅपेटपेक्षा वेगळी शंका येते. थंड असताना जास्त आणि गरम झाल्यावर कमी, ही एक. आणि ओझं आलं की वाढतो, ही दुसरी. टॅपेटचा आवाज ओझ्याला फारसा विचारत नाही, तो आरपीएमबरोबर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चालतो, मागे कोणी बसो न बसो. ओझ्याने वाढणारी टिकटिक म्हटलं की मी सगळ्यात आधी सायलेन्सरचा बेंड (पुढचा वाकलेला पाइप) जिथे हेडला बसतो तिथली पॅकिंग (जोडातली रिंग) बघतो. तिथून धुराचा बारीक फवारा बाहेर पडत असला ना, तर तो हुबेहूब टॅपेटसारखा वाजतो. चांगले चांगले मेकॅनिक फसतात, मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत एकाचं हेड कव्हर दोनदा खोलून तिसऱ्यांदा बेंडकडे बघितलं होतं.

फसायला कारण आहे. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँक (पिस्टनने फिरणारा खालचा दांडा) दोन फेरे मारते तेव्हा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा वरचा दांडा) एकच मारते, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो. समजा गाडी रेस न देता १४०० आरपीएमवर आयडल आहे, तर एक टॅपेट मिनिटाला ७०० वेळा वाजेल, सेकंदाला जवळजवळ १२. आणि सिंगल सिलिंडरमध्ये धूरही दोन फेऱ्यांत एकदाच बाहेर ढकलला जातो, म्हणजे तोही सेकंदाला तेवढाच. दोघांचा ठेका एकच. म्हणून नुसत्या कानाने वेगळं करता येत नाही, जागा शोधावी लागते. क्रँकच्या बेअरिंगचा किंवा कनेक्टिंग रॉडचा ठोका याच्या दुप्पट जलद, आणि तो टिकटिक नसतो, खालून ठक ठक असा जड येतो, पायाच्या फूटरेस्टला कळतो. तसा आवाज असता तर मी तुम्हाला गाडी आहे तिथे बंद करा म्हटलं असतं.

गरम झाल्यावर कमी का होतो, तर धातू फुगून फट बुजते. पॅकिंगने जे काम करायला पाहिजे ते तेवढ्यापुरतं उष्णता करते.

मला तीन गोष्टी सांगा. सर्व्हिसिंगमध्ये सायलेन्सर काढला होता का? रेस एकदम सोडली की मागून बारीक फट् फट् येते का? आणि बेंड जिथे हेडात जातो तिथे काजळीचा काळा डाग आहे का, टॉर्च लावून बघा. थंड असताना बघा, हात लावू नका गरम बेंडला.


बर्डी_ते_पेंच

दादा, फिटर काकांच्या प्रश्नांची उत्तरं द्याच पण त्याआधी आज रात्रीच एक गोष्ट बघा, ऑइल किती आहे ते. मी हे मुद्दाम सांगतेय कारण गेल्या वर्षी माझ्या १२५ मध्ये एकाने हजार मिलीची पूर्ण बाटली ओतली होती, गाडीला लागतं ९०० च्या आसपास, आणि मी तशीच पेंचपर्यंत जाऊन आले. येताना इंजिन जड वाटायला लागलं, एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल आलं होतं. जास्त झालं की क्रँक त्याला घुसळते, फेस होतो आणि फेसाळलेलं ऑइल वर हेडात नीट पोचत नाही. कमी असलं तर ते तर त्याहून वाईट, वरच्या भागाला ऑइल सगळ्यात शेवटी मिळतं म्हणून टिकटिक तिथूनच सुरू होते.

बघायची पद्धतही सांगते, मला कोणी सांगितली नव्हती. गाडी मेन स्टँडवर, जमीन सपाट, साइड स्टँडवर बिलकुल नाही. दोनतीन मिनिटं चालू ठेवायची, बंद करून दोनतीन मिनिटं थांबायचं, ऑइल मोजायची काडी पुसून परत घालायची. इथेच गोंधळ होतो, बऱ्याच गाड्यांमध्ये काडी नुसती टेकवायची असते, आटे फिरवून आत घालायची नसते. फिरवून बघितलं की लेव्हल आहे त्यापेक्षा जास्त दिसते. तुमच्या मॅन्युअलमध्ये कसं दिलंय ते बघा.

आणि ऑइल तुमच्यासमोर सीलबंद बाटलीतून टाकलं होतं की ड्रममधून? आपल्या गाड्यांचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, त्यामुळे बाटलीवर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं पाहिजे. कारचं ऑइल टाकलं तर आवाजाचं नाही पण क्लच घसरायला लागेल.


मनीषनगर_१५०

सगळ्यांचे मनापासून आभार, कामावरून येऊन आत्ता टॉर्च घेऊन अंगणात बसलो होतो, बाबाही खुर्ची टाकून शेजारी.

फिटर काका, सायलेन्सर काढला होता! मी लिहायला विसरलो कारण माझ्या डोक्यात ते सर्व्हिसिंगमध्ये धरलंच नव्हतं. खालच्या बाजूला गंजून बारीक भोक पडलं होतं, तर त्याने सायलेन्सर उतरवून शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून टाका मारून आणला. दोन नट खोलले, परत लावले, बस. नवीन पॅकिंग टाकलेली मला तरी दिसली नाही. रेस सोडली की फट् फट्, हो, बारीक येते, आज मुद्दाम लक्ष देऊन ऐकली. कार्ब्युरेटर साफ केल्यामुळे असेल असं मला वाटत होतं. काजळी बघितली, डाव्या नटाच्या बाजूला काळपट आहे, पण तिथे आधीपासूनच मळ होता त्यामुळे छातीठोक सांगू शकत नाही.

बर्डी ताई, ऑइल बघितलं. तुम्ही सांगितलं तसंच झालं होतं, मी आयुष्यभर काडी फिरवून बघत आलो. नुसती टेकवून बघितली तर वरच्या खुणेच्या चांगलं वर. बाटली सीलबंदच होती, एमए२ लिहिलेली, पण पूर्ण ओतली.


जुना_फिटर

मग आता फार लांब जाऊ नका. रेस सोडल्यावरची फट् फट् कार्ब्युरेटरमुळेही येऊ शकते, मिश्रण पातळ झालं, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, की येते, पण बेंडच्या तोंडाशी फट असली तरी येते. रेस सोडली की तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सायलेन्सरमध्ये राहिलेलं न जळलेलं पेट्रोल त्या हवेत पेटतं. तुमच्याकडे सायलेन्सर उतरवल्याची साक्षच आहे, त्यामुळे आधी तिकडे.

सकाळी गाडी पूर्ण थंड असताना करा. भांडी धुवायचं लिक्विड पाण्यात कालवून फेस करा आणि जुन्या टूथब्रशने बेंड आणि हेडच्या जोडावर सगळीकडून लावा. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही तिकडेच बघत राहा. पहिल्या वीसतीस सेकंदात जे दिसायचं ते दिसेल, नंतर बेंड तापून पाणी उडून जातं. बुडबुडे ठेक्यात फुटले की झालं. दिसलं नाही तर जाड ओल्या फडक्याने सायलेन्सरचं मागचं तोंड दोनतीन सेकंद दाबून धरा, हातमोजा घालून, फट असेल तिथून सुस्स आवाज येईल. हे सगळं अंगणात उघड्यावर करा, बंद पार्किंगमध्ये नाही, धूर विषारी असतो.

काहीच निघालं नाही तर मग लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या, टोक टॅपेटच्या झाकणाच्या बोल्टवर, मूठ कानाच्या पुढच्या हाडावर. आधी इनटेकच्या (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या) झाकणावर, मग एक्झॉस्टच्या (धूर सोडणाऱ्याच्या), मग टायमिंग चेन ज्या बाजूने वर चढते तिथे, मग खाली क्रँककेसवर. जिथे आवाज कानात टोचल्यासारखा येतो ती जागा. ओढणी, गमछा, लांब केस आवरून, चेनच्या बाजूला वाकू नका.

ऑइल मात्र आजच खुणेवर आणा. ड्रेन बोल्टशी झटापट करू नका, मोठ्या सिरिंजला नळी लावून वरूनच काढा.


कामठीरोडवाला

फिटर काका बरोबर बोलून राहिले, जाड ऑइलचं मी मागं घेतो. सायलेन्सर काढलेला म्हणजे गोष्टच बदलली. पण भाऊ, टॅपेट बी एकदा बघूनच घे. तुह्या गाडीचे गरम इंजिनवर सेट झालेत हे तर पक्कं आहे ना. अन् वाजून नाही राहिले म्हणजे ठीक आहेत असं नसते. ढिला टॅपेट वाजते म्हणून माणूस बघते तरी. टाइट झालेला आवाज करत नाही, अन् व्हॉल्व्ह पुरा बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होऊन सीटवर टेकते तेव्हाच त्याची बरीचशी गरमी हेडात जाते, टेकलाच नाही तर कड जळत जाते. एक दिवस सकाळी गाडी चालूच होत नाही, मंग खरंच हेड खोला लागते.

मी रविवारी तुह्याच भागात येऊन राहिलो, बहिणीकडे. फिलर गेज (फट मोजाच्या पातळ पट्ट्या) आहे माह्याकडे. सकाळी सहाले येतो म्हण तर येतो, गाडीले शनिवारी रात्रीनंतर हात लावू नको.


मनीषनगर_१५०

रविवारचं सगळं सांगतो.

कामठीरोडवाला भाऊ खरोखर पावणेसहाला दारात. आधी टॅपेट बघू म्हणाले, कारण एकदा इंजिन चालू केलं की थंड राहणार नाही. मॅग्नेटच्या खिडकीतून टी खूण (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) जुळवली, त्यांनी मला दाखवलं की नुसती खूण जुळून चालत नाही, दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) हाताला हलके हलले पाहिजेत, नाहीतर आपण एक्झॉस्ट स्ट्रोकवर उभे आहोत आणि अजून एक फेरा फिरवायचा. माझ्या मॅन्युअलमध्ये इनटेक ०.०८ आणि एक्झॉस्ट ०.१२ मिमी दिलंय. इनटेकमध्ये ०.०८ ची पट्टी छान ओढल्यासारखी गेली. एक्झॉस्टमध्ये ०.१२ सोडाच, ०.०५ सुद्धा घुसेना. म्हणजे ज्याच्यावर मी टिकटिकीचा आळ घेत होतो तो उलट आवळलेला होता. भाऊंचा चेहराच उतरला, म्हणाले आठ दिवस असंच चाललं हे, बरं झालं आज बघितलं. तो ०.१२ वर आणून लॉकनट पकडला आणि परत एकदा मोजलं, कारण नट कसताना स्क्रू फिरतो.

मग झाकणं लावून साबणाचा फेस. बाबांनी सेल्फ मारला आणि डाव्या नटाच्या खालून बुडबुड बुडबुड, इतके स्वच्छ की विचारूच नका, बाबांनी गाडी बंद करून स्वतः वाकून परत एकदा बघितलं. नट खोलले, बेंड खाली आला, आतली पॅकिंग चपटी होऊन एका बाजूला काळी पडलेली. दहा वाजता दुकान उघडल्यावर ४० रुपयांची नवीन रिंग आणली. आठ हजार आणि चाळीस. मला राग कमी आणि वाईट जास्त वाटलं, कारण तो मेकॅनिक लबाड आहे असं मला अजूनही वाटत नाही, त्याने नीट बघितलंच नाही. उद्या जाऊन ती जुनी रिंग त्याला दाखवणार आहे, भांडायला नाही, पुढच्या गिऱ्हाइकाचं हेड तरी खोलणार नाही.

आता सकाळी चालू केल्यावर वरून अगदी हलकी टिकटिक आहे, लक्ष दिलं तरच कळते, रेस सोडल्यावरची फट् फट् गेली. ऑइल काढून खुणेवर आणलं, साधारण १२० मिली निघालं. ही जी हलकी टिकटिक राहिली ती चालेल ना काका? पुढच्या रविवारी बाबांना घेऊन रामटेकला जायचं म्हणतोय.


जुना_फिटर

चालेल, खुशाल जा. एअरकूल इंजिनाला योग्य गॅप असला की तेवढा आवाज असतोच, तुमचा एक्झॉस्टचा टॅपेट आवळलेला होता म्हणून गेल्या आठवड्यात तो गप्प होता, आता बोलायला लागला इतकंच. फक्त मुक्कामाच्या ठिकाणी पोचल्यावर नाही, घरून निघायच्या दिवशी सकाळी थंड असताना बेंडचे दोन्ही नट एकदा बघून घ्या. नवीन रिंग तापून थंड होऊन थोडी दबते आणि नट सैल पडतात. दोन्ही थोडे थोडे करून सारखे कसा, एक पूर्ण आवळून मग दुसरा असं नको, बेंड वाकडा बसतो. आणि जोर लावू नका, ४८ हजार चाललेल्या गाडीचे स्टड (ज्यावर नट बसतो ते बोल्ट) गंजलेले असतात, हेडातच तुटला तर काढायला फार त्रास होतो. छोट्या पान्याने, मनगटाच्या जोराने पुरे.


बर्डी_ते_पेंच

दादा, मनसर पार केल्यावर रामटेकच्या रस्त्याला वळलात की एकदा कडेला थांबून चेनही बघा. तुम्ही सुरुवातीला लिहिलं होतं चेन टाइट केली म्हणून, तीही दुपारी घाईतच केलेली असणार, आणि बाबा मागे बसले की जास्त आवळलेली चेन अजून ताणली जाते. किती ढील पाहिजे ते स्विंग आर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर असतं, बऱ्याच गाड्यांना २०-३० मिमीच्या आसपास. निघायच्या आधीच बघितलीत तर उत्तम, चाक फिरवत चार ठिकाणी बघा, एका जागी ढिली आणि एका जागी टाइट लागली तर टाइट जागेवर माप घ्या.


मनीषनगर_१५०

आत्ताच बघून आलो ताई. सगळ्यात टाइट जागी जेमतेम १० मिमी हलतेय, स्टिकरवर २०-३० लिहिलंय. उद्या सकाळी सैल करतो.